पीक टाइमचा हट्ट

‘मनातलं वाजवलं तर काम जातं आणि लोकांना हवं ते वाजवलं तर स्वतःचाच राग येतो.’ वादक, चित्रकार, मालिका लिहिणारे, कितीतरी जण हीच तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. मागे एक डीजे आला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

आपल्याकडे डीजे म्हटलं की वरातीपुढची स्पीकरची भिंत आठवते. मुलगा नेमकं काय करतो हे नातेवाइकांना समजावताना त्याच्या आईच्याही नाकीनऊ यायचे. हा पुण्याचा, तिशीला टेकलेला. पुण्यातल्या क्लबांत आणि गोव्यात हणजुणे-वागातोरच्या पट्ट्यात सायट्रान्स, थोडक्यात ‘साय’, हे वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत वाजवणारा. मिनिटाला १४५च्या आसपास ठोके, तासन्‌तास. पण आता त्याला ओढ लागली होती ११०च्या संथ, ‘डब’ या रेगेतून निघालेल्या प्रकाराच्या अंगाने जाणाऱ्या संगीताची. एका क्लबमध्ये रात्री एकच्या सुमारास, गर्दी ऐन रंगात असताना, त्याने कुणाला न सांगता वेग उतरवला. फ्लोअर पांगला. सकाळी आयोजकाचा मेसेज आला, ‘भाई, पुढच्या वेळी फक्त साय.’ तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाआधी पोटात गोळा यायचा, झोप उडायची आणि मनात एकच वाक्य घोळायचं, ‘मी विकला गेलोय.’

मी त्याला लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह घेऊन यायला सांगितलं. उघडल्यावर दोन फोल्डर दिसले, ‘चालणारं’ आणि ‘माझं’. ‘माझं’मध्ये स्क्रोल करता करता हात दुखावा एवढे ट्रॅक होते.

“यातले लोकांसमोर किती वाजवलेस?”

“त्या रात्री तीन,” तो म्हणाला. “बाकी घरीच.”

लोकांना माझं नकोय, हा निकाल एवढ्याच पुराव्यावर लागला होता!

अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मी अशा वेळी वापरते. त्यात माणूस स्वतःकडे, लोकांकडे आणि जगाकडे कोणता हट्ट धरून बसलाय ते आधी शोधायचं असतं. त्याच्याच अक्षरात कागदावर तीन ओळी उतरल्या. पीक टाइमचा, म्हणजे गर्दी ऐन रंगात असतानाचा, स्लॉट मलाच मिळाला पाहिजे. तिथे मी मनातलंच वाजवणार. आणि ते सगळ्यांना आवडलंच पाहिजे. इच्छा म्हणून तिन्ही रास्त आहेत. एकाच रात्री तिन्हींची सक्ती केली की झोप उडणारच.

इथे मी थोडी कडक झाले. पोस्टरवर सायट्रान्स छापलंय, पोरं तिकीट काढून, रात्रीची बस पकडून त्यासाठीच आलीत. त्यांची अपेक्षा म्हणजे जुलूम नव्हे. न सांगता ती मोडण्याला मी तरी स्वातंत्र्य म्हणणार नाही. त्याला हे मुळीच रुचलं नाही. त्याने चरणजीत सिंग यांचं उदाहरण काढलं. मुंबईच्या या वादकाने १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर शास्त्रीय राग बसवून रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक म्हणू लागले, शिकागोत १९८७च्या सुमारास जे नृत्यसंगीत ॲसिड हाऊस म्हणून गाजलं त्याच्याशी याचं किती साम्य आहे! “बघा, खऱ्या कलाकाराला कुणी विचारत नाही.”

मी विचारलं, “सिंग पोटासाठी काय करायचे?”

“फिल्म रेकॉर्डिंगमध्ये वाजवायचे.”

“म्हणजे संगीतकार सांगेल ते?”

यावर तो बराच वेळ पेनाचं टोपण काढ-घाल करत राहिला. सांगितलेलं वाजवणारा माणूस विकला गेलेलाच असतो, हे त्याचं गृहीतक त्याच्या स्वतःच्याच उदाहरणाने मोडलं होतं.

पुढची बोलणी मग व्यवहाराची झाली, आणि त्यातच खरं काम झालं. त्याच्याच तोंडून कळलं की संध्याकाळी दारं उघडल्यावर पहिला वाजवणारा जो असतो, त्याच्याकडून वेगाची अपेक्षाच नसते. उलट त्याने जोर लावला तर मागून येणारा चिडतो. म्हणजे मोकळीक तिथे होती. पण ‘ओपनिंग म्हणजे नवशिक्यांचं काम’ म्हणून हा त्या जागेला नाकं मुरडत होता! मुख्य स्लॉटमध्ये मान सगळ्यात जास्त आणि मोकळीक सगळ्यात कमी, हा सौदा त्याने कधी नीट पाहिलाच नव्हता.

वेगळ्या संगीतासाठी वेगळं नाव घ्यायची सूचना त्याचीच. या क्षेत्रात ते सर्रास चालतं. स्वीडनचा डीजे एरिक प्रिड्झ टेक्नो प्रकारच्या संगीतासाठी ‘सिरेझ डी’ हे नाव वापरतो. नव्या नावाने, आधी बोलून, पोस्टरवर तसं छापून त्याने पुण्यात ओपनिंग घेतलं. अर्धा हॉल रिकामा, बरेचसे लोक बसून, काहीजण गप्पा मारत. जाताना दोघांनी ट्रॅकची नावं विचारली. पैसे मुख्य स्लॉटच्या निम्म्याहून कमी.

आता काम घेताना तो विचारतो: वेळ कोणती, पोस्टरवर काय छापणार, माझ्या आधी-नंतर कोण. सायची कामंही घेतो. पोटात गोळा अजून येतो, पण झोप लागते. मेसेज पाठवणाऱ्या त्या आयोजकाने मात्र पुन्हा बोलावलेलं नाही, आणि ‘त्याने बोलावलंच पाहिजे’ या चौथ्या हट्टावर आमचं काम चालू आहे.