संघ जिंकत असतानाही ब्रायन फेरेन्ट्झ यांना काढणं बरोबर होतं का?

तुम्ही विचारलं आहे की २०२३ मध्ये आयोवा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ आठपैकी सहा सामने जिंकलेला असताना, हंगाम अर्धवट असतानाच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे प्रशिक्षक) ब्रायन फेरेन्ट्झ यांना ‘हे तुमचं शेवटचं वर्ष’ असं का सांगितलं, आणि हा त्यांच्यावर अन्याय नव्हता का.

मी सीडर रॅपिड्सला राहतो. आयोवा सिटीतलं किनिक स्टेडियम इथून गाडीने अर्ध्या तासावर आहे. नोकरीसाठी इथे आलो तेव्हा मला फक्त क्रिकेट कळायचं. शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी दर शनिवारी टीव्हीसमोर बसवून हा खेळ शिकवला, आणि आता हा माझा संघ आहे. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी तटस्थपणे देऊ शकणार नाही, पण विचार करून देतो. त्यांना काढणं बरोबरच होतं. मात्र ज्या फूटपट्टीने त्यांना मोजलं ती चुकीची होती, आणि ती वापरायची वेळ आली याची जबाबदारी त्यांच्या वरच्यांची होती.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली दोन मोठे सहायक असतात, एक बचावाचा आणि एक आक्रमणाचा. आक्रमणाचा तो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ओसी. चेंडू आपल्याकडे असताना पुढची चाल कोणती, धावायचं की पास टाकायचा, हे तो ठरवतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आलं नाही तर चेंडू समोरच्याला जातो, म्हणून बहुतेक वेळा चौथ्या प्रयत्नात तो लाथेने लांब टोलवून देतात. हा पंट. आयोवात पंट इतके व्हायचे, की मेलबर्नहून आलेला आमचा पंटर टोरी टेलर मैदानात उतरला की प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवायचे. २०२३ चा देशातल्या सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार त्यालाच मिळाला. तो त्या कौतुकाला पात्रच होता. पण ज्या संघाचा सर्वांत लाडका खेळाडू पंटर असतो, त्याच्या आक्रमणाबद्दल आणखी काय सांगायचं?

आकडेच बघा. २०२२ मध्ये संघाची सरासरी सामन्याला १७.७ गुण होती, आणि एकूण यार्डांत १३१ संघांमध्ये १३० वा क्रमांक. त्या हंगामाचा पहिला सामना साउथ डकोटा स्टेटविरुद्ध ७-३ असा जिंकला. सात गुण म्हटल्यावर कोणालाही वाटेल की एक टचडाऊन (चेंडू समोरच्याच्या टोकाला नेला की सहा गुण) आणि त्यावरचा एक गुण. तसं नव्हतं. एक फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारला की तीन गुण) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच टोकाला पाडलं की दोन गुण), म्हणजे सातातले चार गुण बचावफळीने मिळवलेले. क्रिकेटमध्ये एखादा संघ दर सामन्यात सव्वाशेच्या आत गुंडाळला जातो आणि गोलंदाज समोरच्यांना शंभरात उखडून सामना काढून देतात, तसं वर्षभर चाललं होतं. अशा वेळी ‘संघ जिंकतोय ना’ म्हणून फलंदाजीच्या प्रशिक्षकाला कोणी शाबासकी देत नाही. बचावाचे प्रशिक्षक फिल पार्कर यांच्या बचावफळीने जिंकलेले सामने ब्रायन यांच्या खात्यावर जमा होऊ शकत नाहीत.

आता नात्याचा भाग. मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून त्या पदावर आहेत, आणि ब्रायन त्यांचा मुलगा. जवळच्या नातेवाइकाचा थेट वरिष्ठ होता येत नाही, म्हणून २०१७ मध्ये ब्रायन ओसी झाले तेव्हा कागदावर ते विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख (ॲथलेटिक डायरेक्टर) गॅरी बार्टा यांच्या हाताखाली होते. मला मुळातली चूक इथे दिसते. ओसीचं काम रोजच्या रोज ज्याला कळतं असा माणूस एकच, तो म्हणजे मुख्य प्रशिक्षक. त्यानेच खोलीचं दार लावून सांगायचं असतं की हे चालत नाही, बदल. इथे ते सांगायचं होतं बापाने लेकाला. आणि कागदावरचा वरिष्ठ चाली आखण्याच्या बैठकीत बसत नव्हता. वडील म्हणून कर्क यांच्या मनात काय चाललं असेल याचा मी बऱ्याचदा विचार केला आहे. माझाही मुलगा आहे. त्याच्या कामाचं मूल्यमापन माझ्याकडे आलं तर मी ते घेणार नाही, आणि त्याला माझ्या विभागातही घेणार नाही.

एक गोष्ट लोक विसरतात. ब्रायन बिनकामाचे नव्हते. आयोवात येण्याआधी त्यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघात काम केलं होतं. २०१७ मध्ये ओहायो स्टेटला किनिकवर ५५-२४ ने हरवलं ते त्यांच्याच चालींवर. टी. जे. हॉकन्सन आणि नोआ फँट हे दोन टाइट एंड (पास झेलणारे आणि वाट अडवणारे खेळाडू) २०१९ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिल्याच फेरीत गेले, तेही त्यांच्याच आक्रमणातून. २०१८ आणि २०२० मध्ये संघाची सरासरी ३१ च्या वर होती. घसरण नंतरची आहे, आणि ती सुरू झाली तेव्हाच कोणीतरी थांबवायला हवी होती.

त्याऐवजी फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांचा करार बदलला. पगार ९ लाखांवरून ८.५ लाख डॉलर, आणि अट अशी की संघाने किमान सात सामने जिंकावेत आणि सरासरी २५ गुण करावेत, तरच करार पुढे चालू राहील. ही अट मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. कारण त्यात बचावफळीचे गुणही मोजले जाणार होते. आदल्याच डिसेंबरात केंटकीला २१-० ने हरवलं, त्या सामन्यातली तीनपैकी दोन टचडाऊन बचावफळीने पास अडवून केली होती. मग ती अट नेमकं कोणाचं काम मोजत होती? शिवाय तिने प्रत्येक सामन्याचा तमाशा केला. यूटा स्टेटविरुद्ध २४-१४ असा छान जिंकलेला सामना, आणि स्टेडियमबाहेर चर्चा काय, तर ‘एक गुण कमी पडला’. एकोणीस-वीस वर्षांची मुलं घाम गाळतात, आणि त्यांच्या प्रत्येक गुणाचा हिशोब एका माणसाच्या नोकरीशी लावायचा, हे मला फार लागायचं.

त्यांच्या बाजूने बोलण्यासारखा सर्वांत भक्कम मुद्दा दुखापतींचा. मिशिगनहून आणलेला क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) केड मॅकनमारा ३० सप्टेंबरला गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. ल्यूक लेची आणि एरिक ऑल हे दोन्ही टाइट एंडही गेले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, या अर्थाचं काहीतरी शेजारचे सर त्यांच्या भाषेत म्हणायचे, आणि २०२३ पुरतं ते खरंच आहे. पण २०२२ मध्ये हे सगळं कारण नव्हतं. शिवाय राखीव क्वार्टरबॅक तयार ठेवणं हेही ओसीचंच काम. २०१७ पासून क्वार्टरबॅक कोण येणार, कसा घडणार, यात त्यांचा मोठा वाटा होता.

आता घोषणेची वेळ. २१ ऑक्टोबरला मिनेसोटाकडून १२-१० हरलो. आमच्या कूपर डिजीनने पंट परतवून केलेलं टचडाऊन पंचांनी रद्द केलं तो सामना. नऊ दिवसांनी, ३० तारखेला, बार्टांनंतर क्रीडाप्रमुखपदाचा तात्पुरता पदभार सांभाळणाऱ्या बेथ गोट्झ यांनी हे ब्रायन यांचं शेवटचं वर्ष असल्याचं जाहीर केलं. सुरुवातीला मलाही ते निर्दय वाटलं. मग मी कागदावर हिशोब मांडला. आठ सामन्यांत १५६ गुण, म्हणजे सरासरी १९.५. तेरा सामने धरले तर लागणार होते ३२५. उरलेल्या पाच सामन्यांत १६९, म्हणजे प्रत्येकी जवळजवळ ३४. हे होणं नव्हतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. दर आठवड्याला ती मोजणी चालू ठेवण्यापेक्षा एकदाच स्पष्ट सांगून मुलांना खेळू देणं जास्त माणुसकीचं होतं, असं मला आता वाटतं.

आणि मुलं खेळली. नॉर्थवेस्टर्नला १०-७, रटगर्सला २२-०, इलिनॉयला १५-१३, नेब्रास्काला १३-१०. इलिनॉयच्या सामन्याला मी किनिकमध्ये होतो. पहिल्या क्वार्टरनंतर सगळं स्टेडियम लगतच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलकडे वळून तिथल्या आजारी मुलांना हात हलवतं, तेव्हा नेहमीसारखे डोळे भरून आले. चौथ्या क्वार्टरमध्ये केलेब जॉन्सन ३० यार्ड धावत गेला, त्यावर सामना आणि बिग टेन वेस्टचं (आमच्या लीगच्या पश्चिम गटाचं) विजेतेपद दोन्ही मिळालं. घरच्या मैदानावरचा ब्रायन यांचा तो शेवटचा सामना. त्यानंतर मिशिगनकडून २६-० आणि टेनेसीकडून ३५-० असे हरलो, आणि वर्षाची सरासरी १५.४ वर थांबली.

२०२४ मध्ये नवे ओसी म्हणून टिम लेस्टर आले. तोच जॉन्सन त्या वर्षी १,५३७ यार्ड धावला, संघाची सरासरी २७.७ झाली. पासची बाजू तेव्हाही लंगडीच होती. सामने मात्र आठच जिंकलो, आदल्या वर्षीच्या दहापेक्षा दोन कमी. सरांनी मला विचारलं, मग बदलून काय मिळवलं? मी म्हटलं, तिसऱ्या प्रयत्नात तीन यार्ड हवे असतात ना सर, तेव्हा आता मी सोफ्यावर पुढे सरकून बसतो. आधी मी तेव्हा चहा टाकायला उठायचो.