येणार येणार म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : मी गोव्यात फोंड्याला लग्नांचे आणि समारंभांचे फोटो काढतो. वडिलांचा वरच्या बाजारात स्टुडिओ होता, तोच पुढे चालवतो. गेली सहा वर्षे एकाच कंपनीचे फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर वापरतो आहे, एकरकमी पैसे भरून घेतलेले. नवी आवृत्ती गेल्या दिवाळीत येणार म्हणून ७,५०० रुपये आगाऊ भरले. दिवाळीची तारीख मार्चवर गेली, मार्चची जूनवर, आता नुसते ‘लवकरच’ म्हणतात. मध्यंतरी नवा कॅमेरा घेतला. त्याच्या रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघणाऱ्या मूळ, कच्च्या फाइल) जुन्या आवृत्तीत उघडत नाहीत, आधी डीएनजी या दुसऱ्या प्रकारात बदलून घ्याव्या लागतात, नॉइज म्हणजे फोटोतले दाणे काढायला आणखी एक प्रोग्राम लागतो. एका लग्नामागे चार-पाच तास जास्त जातात. वर्षाला साधारण २२ लग्ने असतात. बाहेर एडिटिंगला दिले तर तासाला २५० रुपये पडतात. आता कंपनी जुन्या ग्राहकांना साधारण ३२,००० रुपयांत (किंमत डॉलरमध्ये आहे) आजीवन योजना देते आहे, पण महिनाअखेरीपर्यंतच. दुसऱ्या कंपन्यांचे सॉफ्टवेअर महिना हजार रुपयांच्या आसपास भाड्याने मिळते. माझ्याकडे १,२०,००० रुपयांची एक मुदत ठेव आहे. ती मोडून आजीवन योजना आणि नवा लॅपटॉप घेऊ का? एवढे दिवस थांबलो, आता सोडून जाणे जिवावर येते.

उत्तर : सप्रेम नमस्कार. ठेव मोडू नका आणि आजीवन योजना घेऊ नका. या हंगामापुरते भाड्याचे सॉफ्टवेअर घ्या. जुन्या कंपनीची नवी आवृत्ती आली की ती चालवून बघा, पटली तर तेव्हा परत जा. असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याची मला जास्त काळजी वाटते.

सहा वर्षे एका साधनावर हात बसला की त्याच्याबद्दल माया वाटतेच, आणि त्यात काही चुकीचे नाही. पण तुमचे ७,५०० रुपये भरून झाले आहेत. ते परत मिळतात का ते बघायचे, त्याचा मार्ग खाली दिला आहे. मात्र पुढचे ३२,००० द्यायचे की नाही हे ठरवताना ते ७,५०० हिशेबात घ्यायचे नाहीत. ‘इतके घातलेच आहेत तर’ असे म्हणत माणसे आधीच्या छोट्या रकमेमागे मोठी रकम घालतात. जमिनीच्या व्यवहारात, विम्याच्या हप्त्यांत, भिशीत, सगळीकडे मी हेच बघतो.

उशीर होणे हा काही गुन्हा नाही. फोटोचे सॉफ्टवेअर करणाऱ्यांचे काम खरोखर अवघड असते. प्रत्येक नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल वेगळी असते आणि ती वाचायला शिकवावी लागते. विंडोज आणि मॅक दर वर्षी बदलतात, ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर बदलतात. घाईत बाजारात आणलेली आवृत्ती तर उशिरापेक्षा वाईट. ऑक्टोबर २०१५मध्ये अडोबी कंपनीने आपल्या लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरचे एक अपडेट असेच काढले. ते वारंवार बंद पडू लागले, फोटो आयात करण्याची रोजच्या सवयीची पद्धत बदलून टाकलेली होती. शेवटी कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि पुढच्या महिन्यात जुनी पद्धत परत आणावी लागली. ऐन लग्नसराईत तुमच्या कॅटलॉगवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या फोटोंच्या संग्रहावर, असा प्रयोग झालेला तुम्हाला परवडणार नाही. म्हणून कंपनी वेळ घेते आहे याचा राग धरू नका.

माझा आक्षेप वेगळा आहे. गिंपचे उदाहरण घ्या. हे मोफत सॉफ्टवेअर. त्याची २.१० आवृत्ती एप्रिल २०१८मध्ये आली आणि ३.० आली थेट मार्च २०२५मध्ये. जवळजवळ सात वर्षे लोक थांबले, पण थांबणाऱ्या कुणाचा एक रुपयाही अडकून पडला नव्हता. ज्याला घाई होती तो दुसरीकडे गेला, ज्याला नव्हती तो जुने वापरत राहिला. तुमच्याकडून मात्र पैसे आधी घेतले, तारीख तीनदा हलवली आणि आता वर आणखी मोठी रकम मागताहेत. संयम तुम्ही दाखवायचा, त्याची किंमतही तुम्हीच मोजायची, हा व्यवहार मला मान्य नाही.

आता पैशांच्या बाजूने बघू. वस्तू तयार नसताना ३२,००० रुपये देणे म्हणजे त्या कंपनीला बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज देणे. उद्या ती अडचणीत आली तर घेणेकऱ्यांच्या रांगेत तुम्ही बरेच मागे उभे असाल. आणि हे कर्ज तुम्ही देणार कशातून? बँकेतल्या मुदत ठेवीतून, जिथे ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि व्याज मिळते ते वेगळेच. सुरक्षित, कमावता पैसा काढून असुरक्षित, न कमावणाऱ्या जागी ठेवायचा, तोही मुदतीआधी ठेव मोडल्याचा दंड सोसून.

शिवाय ३२,००० हा आकडा खरा नाही. किंमत डॉलरमध्ये आहे असे तुम्ही लिहिता. परदेशी व्यवहारावर बहुतेक क्रेडिट कार्डे साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क लावतात, त्या शुल्कावर जीएसटी. सॉफ्टवेअरवरचा १८ टक्के जीएसटी त्या किमतीत धरलेला आहे का, हे पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर जाऊन बघा. धरलेला नसेल तर तुमच्या खात्यातून ३९,०००च्या पुढे रक्कम जाईल. भाडे महिना १,००० धरले तर हे सव्वातीन वर्षांचे भाडे झाले. म्हणजे नवी आवृत्ती आज रात्री आली, उत्तम चालली आणि पुढची सव्वातीन वर्षे कंपनीने काही बदलले नाही, तर कुठे तुमची बरोबरी होणार. प्रत्यक्षात ती येईपर्यंत तुम्हाला काहीतरी भाड्याने घ्यावेच लागेल, तो खर्च आणखी वर.

सव्वातीन वर्षांत या धंद्यात काय काय होते ते आठवा. ॲपलचे ॲपर्चर हे फोटो एडिटिंगचे सॉफ्टवेअर २००५मध्ये आले, अनेक व्यावसायिकांनी त्यावर आपले सगळे संग्रह उभे केले. जून २०१४मध्ये ॲपलने ते थांबवत असल्याचे सांगितले. फोटो आणि त्यांची माहिती दुसरीकडे नेता आली, पण एकेका फोटोवर केलेले एडिटिंग बदलता येईल अशा रूपात नेता आले नाही. निक कलेक्शन हा फोटो सुधारायच्या फिल्टरांचा संच. तो गूगलने २०१२मध्ये विकत घेतला, २०१६मध्ये मोफत केला, २०१७मध्ये यापुढे अपडेट नाही असे सांगून त्याच वर्षी डीएक्सओ या कंपनीला विकला. लाइटरूमची एकरकमी मिळणारी शेवटची आवृत्ती एप्रिल २०१५ची, तिचे अपडेट २०१७च्या अखेरीस थांबले. कॅप्चर वन या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीने फेब्रुवारी २०२३पासून एकरकमी परवान्याबरोबर नव्या सुविधा देणे बंद केले. या सगळ्या मोठ्या, नावाजलेल्या कंपन्या. तुमच्या कंपनीची आजीवन योजना कशाच्या आयुष्यापुरती आहे, याच आवृत्तीच्या की पुढच्या सगळ्या आवृत्त्यांच्या, हे त्यांच्या अटींमध्ये शोधा. स्पष्ट लिहिलेले सापडले नाही तर ते तुमच्या बाजूने नाही असेच धरा.

नुसते थांबून राहणे हाही पर्याय फुकट नाही. लग्नामागे चार-पाच तास, २२ लग्ने, म्हणजे वर्षाला शंभरेक तास. तुमच्याच २५० रुपयांच्या दराने २५,००० रुपये. वर्षाच्या भाड्याच्या दुप्पट. हे पैसे खिशातून जाताना दिसत नाहीत म्हणून मनाला लागत नाहीत, पण अल्बम उशिरा जातो, उरलेली बिदागी उशिरा येते आणि रात्री जागून काम करणारे तुम्हीच असता. घरच्यांनाही हे विचारा. त्यांचे उत्तर माझ्यापेक्षा नेमके असेल.

त्या १,२०,००० रुपयांबद्दल थोडे अधिक बोलायला हवे. तुमच्या पत्रावरून ती तुमची एकमेव शिल्लक दिसते. तुमचा धंदा ऋतूंवर चालतो. चातुर्मासात हिंदू लग्ने नाहीत, तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात. ख्रिस्ती लग्नांची गर्दी नाताळानंतर आणि पुढे ईस्टरनंतर. मेअखेर पाऊस जवळ आला की चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, हात बांधलेले. ही ठेव म्हणजे तुमचे पुरुमेंत आहे, पावसाळ्याच्या बेगमीसाठी आधीच माळ्यावर भरून ठेवलेले. ते डिसेंबरात उघडून खायचे नसते. उलट या हंगामात प्रत्येक लग्नाच्या पैशांतून थोडे बाजूला काढून चार महिन्यांचा घरखर्च भरेल इतकी ती वाढवा. कॅमेरा पडला, भिजला, चोरीला गेला तरी हाच पैसा धावून येणार आहे.

भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्येही खाचखळगे आहेत. ‘वार्षिक करार, पैसे दरमहा’ आणि ‘खरोखर दरमहा’ या दोन वेगळ्या योजना असतात. पहिली स्वस्त दिसते, पण मध्येच सोडली तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेचा मोठा भाग दंड म्हणून भरावा लागू शकतो. याच दंडाची माहिती दडवल्याचा आरोप ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४मध्ये अडोबीवर दावा लावला होता. तुम्हाला जुन्या कंपनीकडे परत जाण्याची वाट मोकळी ठेवायची आहे, तेव्हा थोडे जास्त पैसे पडले तरी यंदा खरी मासिक योजनाच बघा. कार्डावरून आपोआप पैसे जाणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २४ तास आधी सूचना यायला हवी, ती येते का यावर लक्ष ठेवा. आणि तुमचे विवरणपत्र अनुमानित उत्पन्न योजनेखाली (जिथे उलाढालीचा ठरावीक भाग उत्पन्न धरतात) भरले जात असेल तर हे भाडे वेगळा खर्च म्हणून दाखवून कर वाचणार नाही. हे तुमच्या सीएकडून एकदा समजून घ्या. कर वाचेल म्हणून घेतो, असे मनात असेल तर ते काढून टाका.

महिन्याचे हजार रुपयेही जड वाटले तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन मोफत सॉफ्टवेअर आहेत आणि चांगली आहेत. डार्कटेबलची नवी आवृत्ती वर्षातून साधारण दोनदा येते. पण ते शिकायला वेळ लागतो, आणि तो तुमच्याकडे या हंगामाआधी नाही. जून-जुलैत बसा त्याच्याशी.

आता ते ७,५०० रुपये. कंपनीने तारीख जाहीर केलेली पाने, ईमेल, पावती यांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, नंतर ती पाने बदलतात. मग एक सरळ, सभ्य मेल लिहा : ठरलेली तारीख उलटून गेली, मला पैसे परत हवेत, १५ दिवसांत कळवा. पैसे कार्डाने भरले असतील तर त्याच वेळी बँकेला वाद नोंदवता येईल का विचारा. वस्तू मिळालीच नाही अशा तक्रारीला कार्डांच्या नियमांत साधारण १२० दिवसांची मुदत असते आणि ती बहुधा वस्तू मिळायच्या तारखेपासून मोजतात, म्हणून त्यांनी शेवटी दिलेली तारीख महत्त्वाची. शेवटची तारीख जूनची होती, तेव्हा या कामाला उशीर करू नका. तेही नाही जमले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. उत्तर आणि दक्षिण गोव्यात जिल्हा ग्राहक आयोगही आहेत. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही असे कुणी सांगेल, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादातून वगळलेली आहे आणि तुमचे काम त्यात बसते असे मला वाटते. तरीही एवढ्या रकमेसाठी वकील लावू नका.

महिनाअखेरीची मुदत पाळायची गरज तुम्हाला नाही. वर्षभर स्वतःची एकही तारीख न पाळलेल्या कंपनीने तुम्हाला तारीख घालून द्यावी, हे बरोबर नाही. आवृत्ती चांगली निघाली तर ती पुढेही विकतीलच, कदाचित थोडी महाग. तो फरक मी आनंदाने देईन, कारण तेव्हा हातात वस्तू असेल.

लॅपटॉपचे आताच ठरवू नका. मोफत चाचणीची मुदत घेऊन तुळशीच्या लग्नाआधी एखादे जुने लग्न नव्या सॉफ्टवेअरवर पूर्ण एडिट करा, रॉ फाइलपासून अल्बमच्या फाइलपर्यंत. मूळ रॉ फाइल वेगळ्या डिस्कवर असू द्या. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट केलेल्या, अजून अल्बमला न गेलेल्या फोटोंच्या टिफ फाइल (एडिटिंगसकट पक्क्या झालेल्या प्रती) काढून ठेवा आणि जुने सॉफ्टवेअर काढून टाकू नका. नॉइज काढायला एका फोटोला किती सेकंद लागतात, मशीन कुठे अडते, ते कागदावर लिहा. नॉइज काढायचे काम मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर चालते, तिथे अडत असेल तर रॅम वाढवून भागणार नाही; दुसरीकडे अडत असेल तर कधी कधी अख्खा लॅपटॉप न बदलता रॅम वाढवून भागते. ते आकडे मला पाठवा. लॅपटॉप घ्यावाच लागला तर फेब्रुवारीपर्यंतच्या लग्नांच्या कमाईतून कसा बसवायचा ते बघू.