स्लीपर (यो-यो खाली सोडून दोरीच्या टोकाला फिरत ठेवणं) जमायला लागलाय, आता कोणता यो-यो घ्यावा?

माझी पसंती यो-यो फॅक्टरी कंपनीच्या ‘शटर’ला. अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि २०१४ चा जगज्जेता जेन्ट्री स्टाइन याच्या नावाचा. वजन कडेला असल्यामुळे तो बराच वेळ फिरत राहतो, दोरीवर उतरवायलाही सोपा जातो. बजेट कमी असेल तर त्याचाच प्लास्टिकचा रिप्ले प्रो डोळे झाकून घ्या.

मात्र एक लक्षात ठेवा, हे दोन्ही झटका देऊन हातात परत येत नाहीत. त्यासाठी ‘बाइंड’ शिकावा लागतो: यो-यो फिरत असताना दोरीची दुहेरी घडी फटीत सरकवायची, ती आतल्या सिलिकॉनच्या चकत्यांना घासली की दोरी आपोआप गुंडाळली जाते. आधी हाच घोटून घ्या. आणि जास्तीच्या पॉलिएस्टर दोऱ्या यो-योसोबतच मागवा, रोज खेळलात तर दोरी लवकर झिजते.