चित्रपुस्तक ३२ पानांचंच का असतं? गोष्टही माझी, चित्रंही माझीच. २७ पानांत संपली तर चालेल का?

२७ नाही चालणार. २४ करा किंवा ३२. कारण कलेचं नाही, छापखान्याचं आहे: मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून, घड्या घालून कापला की १६ पानी फर्मा होतो, आणि असे दोन फर्मे म्हणजे ३२, दीड म्हणजे २४. मी पुस्तकांची मांडणी करते, त्यामुळे हे गणित रोजचंच. शीर्षक, श्रेयनामावली यांत तीन पानं गेली की गोष्टीला १४ जोडपानं (समोरासमोरची दोन-दोन पानं) आणि शेवटी एक सुटं पान उरतं. चित्रं रंगवण्याआधी आठ ए-फोर कागद मधोमध दुमडून डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, शिवा आणि त्यात नुसत्या पेन्सिलीच्या रेघोट्या मारा. ‘दाराआड कोण?’ हे उजव्या पानावर आलं तरच मूल उत्सुकतेनं पान उलटेल. डावीकडे आलं तर उत्तर शेजारीच दिसतं, मजा गेली. चेहरा मधल्या शिवणीत येऊ देऊ नका (ही चूक भलेभले करतात). जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांना मात्र हे लागू नाही, ती बरीच कमी पानांची असतात. डिजिटल छपाईत २८सुद्धा जमतं, पण मधे पिना मारायच्या असतील तर आकडा चारच्या पटीतच हवा.