जमिनीत कुठेही खणलं तर जीवाश्म का सापडत नाहीत?

तुम्ही विचारलंय की कोट्यवधी वर्षं प्राणी मरतायत तर पावलोपावली जीवाश्म का नाहीत. मला तर उलटं वाटतं, एखादा तरी सापडतो कसा!

हरीण मेलं की गिधाडं-कोल्हे येतात, उरलंसुरलं किडे आणि बॅक्टेरिया संपवतात, उघडी हाडं ऊनपावसात तडकून काही वर्षांत भुगा. त्यामुळे मेल्या मेल्या गाडलं जायला हवं, पुराचा गाळ, तळ्यातला चिखल, ज्वालामुखीची राख, काहीही चालेल पण पटकन. मग वर थर साचत जातात, खालचं पाणी हाडाच्या बारीक छिद्रांतून झिरपत राहतं आणि त्यात विरघळलेली सिलिका किंवा कॅल्साइटसारखी खनिजं तिथेच बसतात. लोकांना वाटतं सगळं हाड जाऊन दगड येतो, पण बरेचदा हाडातलं मूळ खनिज बऱ्यापैकी टिकतं, फक्त पोकळ्या भरतात. म्हणून तर पातळ काप घासून मायक्रोस्कोपखाली धरला की रक्तवाहिन्यांच्या वाटा न् झाडासारख्या वाढीच्या रेषा दिसतात. खोदकामाच्या साइटवर हाड की दगड अशी शंका आली तर काहीजण तुकडा चक्क जिभेला लावतात, सच्छिद्र हाड चिकटतं, साधा दगड सहसा नाही. (घाण सवय, पण उपयोगी!)

बरं, एवढं होऊनही तो खडक टिकायला पाहिजे. खोल गेला तर उष्णतेने बदलतो, समुद्रतळ तर पृथ्वीच्या कवचाच्या शेजारच्या तुकड्याखाली (प्लेटखाली) सरकून नष्टच होतो, आज आहे त्यातला बहुतेक २० कोटी वर्षांपेक्षा तरुण आहे. टिकला तर वर यायला हवा, झिजून उघडा पडायला हवा, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी तिथून जायला हवं, उशीर झाला की पावसाबरोबर वाहून गेला.

टी-रेक्स या डायनासोरचं घ्या, २०२१ च्या एका अंदाजाप्रमाणे एकूण सुमारे २५० कोटी होऊन गेले असतील आणि साधारण ८ कोटींतला एक आपल्याला मिळालाय. तेही मोठ्या हाडांचं जनावर, जेलीफिशसारख्यांचं तर विचारूच नका.

जागेचाही हिशोब असतोच. दमट जंगलातली आम्लधर्मी माती हाडं विरघळवते. अशा जंगलांत चिंपांझी आजही जिवंत आहेत, एवढे आपले जवळचे, पण त्यांचे पहिले जीवाश्म जाहीर व्हायला २००५ उजाडलं, केनियातले, आणि ते काय तर मोजके दात!