‘दुसरं कुणी आलं की देऊ’

ठाण्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. आई पुण्याजवळच्या वृद्धाश्रमात होत्या. तिथे पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डिस्चार्जच्या दिवशी संस्थेने कळवलं, अंथरुणावरचं माणूस आम्ही ठेवत नाही. आता आई नाशकात दुसरीकडे आहेत. पहिल्या ठिकाणची सहा लाखांची अनामत खोली सोडून एकवीस महिने झाले तरी परत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘दुसरं कुणी राहायला आलं की देऊ.’ अशी पत्रं मला सारखी येतात.

ताई, पैसे तुमचे की त्यांचे यावर शाई घालवत नाही. एकवीस हा आकडा बघा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. तुमच्या हातात तीन महिने आहेत. करारात ‘खोली पुढील निवासीस दिल्यानंतर परतावा’ असं वाक्य आहे, तेव्हा मुदत अजून सुरूच झाली नाही, असं मी ग्राहक आयोगापुढे म्हणू शकेन. पण त्या भरवशावर बसू नका. खोली रिकामी केली त्या दिवसापासून मोजा. तुमचे फोन, तुमचे व्हॉट्सॲप, उद्या पाठवाल ती वकिलाची नोटीस, यातल्या कशानेही मुदत वाढत नाही. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करतो. ‘साहेब पुढच्या महिन्यात या म्हणाले’ हे सबळ कारण ठरेल, असं मला वाटत नाही.

तक्रार ठाण्याच्या जिल्हा आयोगातच करा. करारात ‘पुणे न्यायक्षेत्र’ छापलंय म्हणून घाबरू नका, तक्रारदार राहतो तिथे दाखल करायची मुभा कलम 34 देतं. चेक तुमचा आणि राहणार आई, म्हणून दोघींची नावं घाला. निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. मी इतकी वर्षं तारखा घेतोय, तुम्ही वर्षांच्या हिशेबाने चाला.

आता पावती. करारात ‘परतावायोग्य अनामत’, आणि पावतीवर मात्र ‘देणगी’! सहा लाखांची पावती घडी घालून पर्समध्ये टाकण्याआधी एकदा वाचायची होती. करार तुमच्या बाजूने आहे, तरी आयोग हे कसं घेईल ते छातीठोक सांगता येत नाही. त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये याच पावतीवर 80जी ची, म्हणजे देणगीवरची आयकराची, वजावट घेतली असेल, तर मला फोन करण्याआधी सीएला करा.

नाशकातल्या करारावर सही झाली नसेल अशी आशा आहे. त्यात ‘स्वतः हिंडूफिरू शकणाऱ्या’ हे शब्द शोधा. पहिल्या करारात ते तुमच्या सहीच्या बरोब्बर वरच्या ओळीत होते. ते खोडून, अंथरुणाला खिळल्यास काय आणि किती जादा पैशांत, हे लिहून घ्या.

आणि किल्ली परत दिल्याची पोच शोधा. नसेल तर सामान नेणाऱ्या टेम्पोवाल्याला जीपेने पैसे दिले असतील, त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. त्यावर तारीख असते.