पाच हप्ते, एक पगार आणि घरात कुणालाच माहीत नाही

प्रश्न : ताई नमस्कार. नाव छापू नका. मी नाशिकला सिडकोत भाड्याने राहतो, अंबडला एका कंपनीत ऑपरेटर आहे, पर्मनंट. हातात ३४ हजार येतात. वडिलांच्या ऑपरेशनला पर्सनल लोन काढलं तेव्हा ओव्हरटाइम भरपूर होता, वाटलं फिटून जाईल. मग ओव्हरटाइम बंद झाला, हप्त्यासाठी क्रेडिट कार्ड वापरलं, कार्ड भरायला लोन अॅपवरून पैसे घेतले, असं करत करत आज पर्सनल लोनचे २ लाख ६० हजार बाकी आहेत (हप्ता ९,४००), कार्डाचे १ लाख १५ हजार (मिनिमम ५,७५०), तीन अॅपचे मिळून ३८ हजार (महिन्याला ११ हजार जातात), पतसंस्थेचे ८० हजार (हप्ता ४ हजार, माझ्याच डिपार्टमेंटचा मित्र जामीन आहे) आणि एका ओळखीच्याकडून ५० हजार पाच टक्क्याने, त्याला १४ महिने नुसतं व्याज देतोय आणि त्याच्याकडे माझा कोरा चेक आहे. अॅपवाले सुपरवायझरला फोन करतात, मेहुणीलाही केला. बायकोला काहीच माहीत नाही. आता एक सेटलमेंट कंपनी म्हणते १५ हजार फी भरा, सगळे हप्ते बंद करा, आम्ही अर्ध्यात मिटवून देतो. करू का? रात्री झोप लागत नाही, नको नको ते मनात येतं.

उत्तर : दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते कारण बाकी सगळं त्याच्यानंतर. नको ते मनात येतंय तर आज, म्हणजे हे वाचून झालं की लगेच, १४४१६ ला फोन लावा. टेली मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्री दोन वाजताही लागते आणि मराठीत बोलतात. ५ लाख ४३ हजार ही तुमची सगळ्या कर्जाची बेरीज, मी केली, तुम्ही बहुतेक केलीच नसेल. ती मोठी आहे पण पर्मनंट नोकरी असलेल्या माणसाला फेडता येते, आणि नुसतं कर्ज थकलं म्हणून कुणी जेलमध्ये टाकत नाही.

दुसरं, बायकोला सांगा. मी बँकेत कर्ज खात्यावर बरीच वर्षं बसले, अशी कितीतरी जोडपी समोर बघितली. एकदा सातपूरहून दोघं आले होते, नवऱ्याने पिठाच्या पिशवीत सगळी पाकिटं भरून आणलेली, त्यातली निम्मी फोडलेलीसुद्धा नव्हती. त्याला वाटत होतं आता ही माहेरी जाणार. तिने काय केलं तर एकेक पाकीट फोडून तारखेप्रमाणे माझ्या टेबलावर लावलं आणि मला विचारलं, मॅडम यातलं सगळ्यात महाग कुठलं? हाच प्रश्न तुम्ही इतके महिने एकट्याने डोक्यात घेऊन फिरताय. मेहुणीला फोन गेलाय म्हणजे बातमी घरी पोचायला आता चार दिवस नाही लागायचे, तिसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू द्या.

आता हिशोब. तुमचे महिन्याचे हप्ते ३२,६५० होतात आणि पगार ३४ हजार, म्हणजे घर चालवायला १,३५० रुपये उरतात आणि म्हणूनच दर महिन्याला नवीन कर्ज काढावं लागतंय, यात तुमच्या उधळपट्टीचा काही संबंध नाही. कार्डाचं बघा. महिना साडेतीन टक्के धरलं तर १ लाख १५ हजारावर व्याजच ४,०२५, त्यावर १८ टक्के जीएसटी साधारण ७२५, झाले ४,७५०. तुम्ही ५,७५० भरता, मुद्दलातून हजार रुपये कमी होतात, आणि बाकी ठेवलीय तोवर नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. त्यामुळे कार्ड आजच्या आज कपाटात ठेवा, मोबाइलमधल्या अॅप्समधूनही त्याचा नंबर काढून टाका.

मग बँकेत जा, फोन नको, स्वतः जा, आणि ९० दिवस थकायच्या आत जा. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशोबात बुडीत धरलेलं, होतं आणि मग ब्रँचच्या साहेबांच्या हातात फारसं राहत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. त्यात लिहा की ओव्हरटाइम बंद झालाय, पगाराच्या स्लिपा जोडल्यात, पर्सनल लोनची मुदत वाढवून द्या आणि कार्डाची बाकी हप्त्यात करून द्या. समजा दोन्हीला १८ टक्के लागले, तर २ लाख ६० हजार पाच वर्षांवर नेल्यावर हप्ता ६,६०० च्या आसपास येतो आणि कार्डाचे तीन वर्षांत फेडायला महिना ४,१५०. एकूण व्याज जास्त जाईल हे खरंय, पण आत्ता तुम्हाला श्वास घ्यायला जागा पाहिजे. बँक पहिल्यांदा नाही म्हणेल, परत जा.

पतसंस्थेचा हप्ता मात्र चुकवू नका, आणि हे मी मनापासून सांगते. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला काढू शकते, तो निघाला की जप्तीपर्यंत जाता येतं, आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे उद्या तुमच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या पगारातून कापून जाईल, ज्याने फक्त तुमच्या शब्दावर सही केली. त्यालाही एकदा चहाला नेऊन खरं काय ते सांगा.

सेटलमेंट कंपनीला एक रुपया देऊ नका. हप्ते बंद केले की ऑटो डेबिट बाउन्स होणार, प्रत्येक बाउन्सचा चार्ज बसणार, आणि पैसे नाहीत म्हणून ऑटो डेबिट परत गेलं तर चेक बाउन्ससारखीच केसही होऊ शकते. ते लोक बँकेशी जे बोलणार ते तुम्ही स्वतः फुकटात बोलू शकता. आणि अर्ध्यात मिटवलं की क्रेडिट रिपोर्टवर 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' येतं आणि ते वर्षानुवर्षं राहतं, मग पुढे घराचं कर्ज मागायला गेलात की तिथे अडतं. ज्याची नोकरीच गेलीय त्याला कधी कधी तो मार्ग घ्यावाच लागतो, तुमच्यावर अजून ती वेळ नाही.

फुकट सल्ला कुठे मिळतो ते सांगते. आपल्या नाशिक जिल्ह्याची अग्रणी म्हणजे लीड बँक महाराष्ट्र बँक आहे, तिथे लीड बँकेच्या ऑफिसात वित्तीय साक्षरता केंद्राची चौकशी करा, कर्जात अडकलेल्याला सल्ला देणं हे त्यांचं कामच आहे. आणि सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण १९८७ च्या विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगारही आहेत हे कुणी सांगत नाही, म्हणजे तुम्हीसुद्धा बसता. फोन करायचा तर १५१००. कोर्टाची किंवा लोक अदालतची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका, लोक अदालतला कोर्ट फी नाही आणि तडजोड झाली तर तिथेच निकाल लागतो, फक्त तिथे झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा कारण त्यावर अपील नाही.

अॅपवाल्यांचं. आधी बघा त्यांच्यामागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेली कंपनी आहे का, रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर २०२५ पासून अशा अॅपची यादी आहे. असेल तर वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर करता येत नाही, तुमच्या मोबाइलमधले कॉन्टॅक्ट घेता येत नाहीत, साहेबाला आणि मेहुणीला फोन करून बेअब्रू करता येत नाही, आणि एजंट बाहेरचा होता म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा, स्क्रीनशॉट ठेवा, कंपनीला लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारीच्या वेबसाइटवर टाका, चौकशीला १४४४८, पैसे लागत नाहीत. यादीत नाव नसेल, किंवा फोटोत छेडछाड करून पाठवायची धमकी असेल तर सरळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि पोलिसात तक्रार. सुपरवायझरला तुम्हीच आधी दोन वाक्यांत सांगून टाका, मग त्या फोनची धारच जाते.

राहिला पाच टक्केवाला. पाच टक्के महिन्याला म्हणजे वर्षाला ६० टक्के, १४ महिन्यांत तुम्ही त्याला ३५ हजार दिलेत आणि मुद्दल जागच्या जागी आहे! परवानाधारक सावकारालासुद्धा आपल्या राज्यात बिनतारण कर्जावर, शेतकरी सोडून इतरांना, वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा सरकारने घालून दिलीय, त्या हिशोबाने महिन्याचे ७५० होतात, तुम्ही अडीच हजार देताय. तो असाच आणखी लोकांना व्याजाने पैसे देत असेल आणि परवाना नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. पण तुमचा कोरा चेक त्याच्याकडे आहे म्हणून मी म्हणेन आधी एखाद्या वडीलधाऱ्याला घेऊन जा, मुद्दल बँकेतून ट्रान्सफर करतो म्हणा आणि चेक हातात घेतल्याशिवाय उठू नका. ऐकलं नाही तर विधी सेवाच्या वकिलाकडून तक्रार, त्यात चेकचा नंबर लिहायचा. त्याने चेक टाकून बाउन्स केलाच तर आलेली नोटीस उघडा, मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत असते, ती घालवू नका.

आता पैसे आणायचे कुठून. एक कर्ज फेडायला दुसरं काढू नये असं मी नेहमी सांगते, एकच अपवाद करते, सोनं. पण ते बायकोचं आहे, तिला सगळा हिशोब दाखवल्यावर ती स्वतः हो म्हणाली तरच. बँकेत सोनेतारण कर्ज कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. १० टक्के धरले तर ८८ हजार (पाच टक्केवाल्याचे ५० आणि अॅपचे ३८) दोन वर्षांत फेडायला महिना ४ हजार ६० च्या आसपास, आणि त्याच दिवशी पाच टक्केवाला आणि तिन्ही अॅप बंद व्हायला पाहिजेत, दोन दिवस पैसे खात्यात राहिले की फाटे फुटतात. मग महिन्याचे हप्ते किती झाले बघा : ६,६०० अधिक ४,१५० अधिक ४,००० अधिक ४,०६०, म्हणजे १८,८१०. घराला १५ हजार उरतात. भाडं देऊन ओढाताण होणार, दोन वर्षं तरी होणार, बायको घरबसल्या काही काम करत असेल तर तिचा हातभार लागेल, पण १,३५० आणि १५ हजार यात किती फरक आहे. प्रत्येक कर्ज फिटलं की नो ड्यूज सर्टिफिकेट घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

प्रश्न : पंचवटीहून लिहितोय. गाडीचं लोन नाकारलं, म्हणे सिबिलमध्ये १२ हजाराचं थकीत कर्ज दिसतंय. मी असं कर्ज कधी घेतलंच नाही. एकजण ३ हजारात रिपोर्ट साफ करून देतो म्हणतो.

उत्तर : ३ हजार देऊ नका. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो, चारही काढा कारण चूक एकातच असेल असं नाही. कुठल्या कंपनीने नाव लावलंय ते त्यात दिसतं, ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाका आणि त्या कंपनीलाही ईमेल करा. ३० दिवसांत दुरुस्त नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमचं आधार-पॅन वापरून कुणी कर्ज उचललंय असं दिसलं तर १९३० ला तक्रार करून तिचा नंबर डिस्प्यूटमध्ये टाका.

प्रश्न : ताई, मी नाशिकरोडला राहते. मिस्टर चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या नावावर पर्सनल लोन आणि कार्ड होतं, मी कुठेच सही केलेली नाही. वसुलीवाले घरी येऊन म्हणतात, आता तुम्हालाच भरावं लागेल, या कागदावर सही करा.

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका, आणि हजार रुपये भरून सुरुवात करा म्हणाले तरी भरू नका. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर तुमच्या स्वतःच्या कमाईतून, तुमच्या स्वतःच्या सोन्यातून ते कर्ज भरायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. मिस्टरांच्या मागे जे त्यांच्या नावावरचं तुम्हाला आणि मुलांना मिळालं, फक्त तेवढ्यापुरतं बँक मागू शकते. म्हणून घर, एफडी कुणाच्या नावावर आहे ते आधी एका कागदावर लिहून काढा आणि विधी सेवाच्या वकिलाला दाखवा, बाई म्हणून तुम्हाला तो मोफतच मिळेल.

बँकेला मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडून लेखी कळवा आणि पोच घ्या. त्याच पत्रात विचारा की या कर्जासोबत विमा काढला होता का. लोन देताना पुष्कळदा विम्याचा हप्ता रकमेतून कापून घेतात आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो, त्यामुळे लोन मिळालं त्या महिन्याचं पासबुक काढा आणि मंजूर रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम यात फरक दिसतो का बघा. फरक असेल तर तो कशाचा, हे लेखी मागा. वसुलीवाले परत आले तर एकट्या दारात उभ्या राहू नका, शेजारच्यांना बोलवा, वसुलीवाल्यांचं ओळखपत्र आणि बँकेचं पत्र मागा, आणि पत्राची पोच दाखवून सांगा की जे बोलायचं ते बँक आता लेखी बोलेल.